डीगचा हुकमी पावसाळा

भर वैशाख आहे. बाहेर लू वाहते आहे, तलावाच्या कडेची माती भेगाळली आहे आणि राजाला आत्ता, या क्षणी पाऊस हवा आहे. काय करायचं? देवाला साकडं घालणं हा झाला सगळीकडचा उपाय. राजस्थानातल्या डीगच्या जाट राजांनी पावसासाठी चक्क इमारत बांधली. तीही साधीसुधी नाही, ढगांच्या गडगडाटासकट!

मथुरा-वृंदावनला गेलेली आपल्याकडची बरीच मंडळी गोवर्धनाची परिक्रमा करून माघारी फिरतात. तिथून डीग जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. सुट्टीतला एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवाच. राजा बदनसिंहाने इथे राजधानी वसवली आणि त्याचा मुलगा महाराजा सूरजमल याने अठराव्या शतकाच्या मध्यावर इथली देखणी भवनं उभी केली. पश्चिमेला गोपाल सागर, पूर्वेला रूप सागर, आणि या दोन तलावांच्या मधे बाग, पाण्याचे पाट आणि शेकडो कारंजी.

रूप सागराच्या काठावरचं केशव भवन म्हणजे चहूबाजूंनी मोकळी, कमानींची बारादरी. पहिल्या नजरेत ती एक हवेशीर बैठक वाटते. आता वर बघा. हिचं छत दुहेरी आहे. दोन छतांच्या मधल्या पोकळीत जड दगडी गोळे ठेवलेले असत. जोरात पाणी सोडलं की ते गोळे घरंगळत, एकमेकांवर आपटत, आणि खाली बसलेल्यांना वर मेघ गडगडल्याचा भास होई. त्याच वेळी कमानींच्या वरून पाण्याच्या धारा कोसळत आणि भोवतालच्या पाटातली कारंजी उसळत. आत माणसं कोरडी, बाहेर चारी दिशांना मुसळधार! आज ती गडगड ऐकू येत नाही, पण कल्पना करा, अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी पावसाचा नुसता देखावा करून थांबलं नाही, त्याचा आवाजही घडवला.

पण पाण्याला एवढा जोर आला कुठून? पंप नाही, वीज नाही, वाफेचं यंत्रही नाही. उत्तर आहे कृष्ण भवनाजवळ, छताच्या उंचीवर बांधलेल्या एका प्रचंड टाकीत. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी वरच्या मजल्यावर रडतखडत येतं आणि तळमजल्यावर नळ फुटेल असं धावतं, तोच हा न्याय. पाणी जितकं उंच साठवाल, तितका त्याचा खाली दाब. दहा मीटर उंचीचं पाणी तळाशी जवळजवळ आपल्या डोक्यावरच्या सगळ्या वातावरणाइतका दाब देतं! म्हणजे पाणी वर चढवलं की त्यात जोर आपोआप साठतो, आणि वाट मिळाली की तोच जोर त्याला पुन्हा आकाशाकडे उडवतो.

टाकीच्या भिंतीकडे जवळून पाहिलं की खरी गंमत कळते. तिथे भोकांच्या रांगाच रांगा आहेत. एकेक भोक एकेका नळीचं तोंड, आणि ती नळी जमिनीखालून थेट आपापल्या कारंज्यापर्यंत गेलेली. भोकात बूच असलं की कारंजं मुकं, बूच काढलं की ते नाचायला लागलं. आणि रंग? कापडाच्या छोट्या पुरचुंडीत रंग बांधायचा आणि ती भोकात सारायची. वाहतं पाणी रंग विरघळवत पुढे जातं आणि दूर बागेत एक कारंजं गुलाबी होतं, शेजारचं हिरवं. कोणती पुरचुंडी कोणत्या भोकात, एवढं ठाऊक असलेला माणूस टाकीपाशी उभा राहून अख्खी बाग रंगवू शकत होता!

या वैभवाची किंमत बैलांनी चुकवली. विहिरींतून चामड्याच्या मोटांनी पाणी उपसून टाकी भरायला आठवडाभर लागे, आणि ती रिकामी व्हायला काही तास पुरत. सात दिवसांचे कष्ट उंचावर साठवायचे आणि एका संध्याकाळी उधळायचे!

ही निव्वळ चैन होती का? हवा कोरडी असली की उडालेले थेंब झपाट्याने सुकतात, आणि सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतात. एक लिटर पाणी सुकताना किती उष्णता ओढून घेतं? तेवढ्याच बर्फगार पाण्याला उकळी आणायला जेवढी लागते, तिच्या पाचपटीहून अधिक! म्हणजे केशव भवनात पावसाचं नुसतं सोंग नव्हतं, गारवा अगदी खरा होता.

आता गोपाल भवनाकडे या. त्याच्या दोन्ही अंगांना दोन मंडप आहेत. त्यांची नावं सावन आणि भादों, म्हणजे आपले श्रावण-भाद्रपद. बागेतून त्यांचा एकच मजला दिसतो. दुसरा खाली, गोपाल सागराच्या बाजूला दडलेला. समोर संगमरवरी हिंदोळा आहे. ही व्रजभूमी, इथे पाऊस म्हणजे कृष्ण आणि श्रावणातले झोके. ऋतूचं एवढं वेड असल्यावर त्याची वाट बघत कोण बसणार?

मराठी माणसाने इथे आणखी थोडं रेंगाळावं. इथून जवळच्या कुंभेरच्या वेढ्यात 1754 मध्ये अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर पडले. वेढा होता याच सूरजमलच्या किल्ल्याला. आणि 1761 मध्ये पानिपतावरून होरपळून परतणाऱ्या मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तोही याच सूरजमलने. पुढे 1804 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने इंग्रजांशी झुंज दिली ती डीगलाच.

टाकी भरायला आता बैल लागत नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस जत्रेच्या दिवसांत कारंजी आजही सुटतात, रंगांसकट. तेव्हा जाता आलं तर उत्तम, नाहीतर वर्षात कधीही जा. मात्र कोरडी कारंजी बघून हिरमुसू नका. टाकी, भोकं, पाट, कमान या क्रमाने पाण्याची वाट स्वतः चालून बघा. अडीच शतकांपूर्वीच्या कारागिरांच्या हाताशी बैल आणि उतार यांपलीकडे काहीही नव्हतं आणि तेवढ्यावर त्यांनी एक अख्खा ऋतू बांधून काढला, हे तिथे पावलापावलाला पटत जातं.