झोपलेला संगणक उठत नाही तेव्हा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणक स्लीपमध्ये गेला आणि पुन्हा उठलाच नाही, अशी तक्रार घेऊन कोणी गेले की पहिला सल्ला बहुधा रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासण्याचा आणि दुसरा सरळ फॉरमॅट मारण्याचा मिळतो. वस्तुतः या एका तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड मिसळलेले असतात: झोपेत असतानाच संगणकाची वीज तुटलेली असते, तो जागा होऊनही पडदा काळाच राहिलेला असतो, किंवा जागे होण्याच्या वाटेवर तो कोठेतरी अडकलेला असतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वीजपुरवठ्याचा विचार करता यांपैकी पहिल्या शक्यतेकडे सर्वांत आधी लक्ष जायला हवे, आणि नेमके तिकडेच ते जात नाही.

याचे मूळ 'स्लीप म्हणजे जवळजवळ बंदच' या समजुतीत आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये संगणकाच्या वीजव्यवस्थापनाचे 'एसीपीआय' नावाचे मानक प्रसिद्ध केले आणि त्यात जागृतीपासून पूर्ण बंदपर्यंतच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्यांतील 'एस-३' या पायरीवर, म्हणजे नेहमीच्या स्लीपमध्ये, प्रोसेसर, पंखे आणि पडदा थांबतात, पण उघड्या फायली व चालू कामे धरून ठेवणाऱ्या रॅमला वीज मिळतच राहते. रॅममधील प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म धारित्रात साठवलेला विद्युतभार असतो; तो सतत गळत असल्याने साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि म्हणून वीज खंडित झाली की साठवलेले काम नाहीसे होते. याउलट 'एस-४', अर्थात हायबरनेट, या अवस्थेत रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर लिहून ठेवला जातो, त्यामुळे वीज गेली तरी तो सुरक्षित राहतो.

या भागात वीज तयार होत नाही असे नाही: कोयना धरण पाटण तालुक्यात आहे आणि वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असतात. पण वीज जिल्ह्यात तयार होणे आणि ती गल्लीत अखंड मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माण, खटाव, जत या भागांत वळवाचा पाऊस वाऱ्यासह आला, किंवा पश्चिमेकडील घाटमाथ्यावर पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडली, की पुरवठा तुटतो आणि त्याबरोबर झोपलेल्या डेस्कटॉपची स्मृतीही जाते. वीज परत आल्यावर बटण दाबले असता संगणक उठत नाही, तर पहिल्यापासून सुरू होतो. मग काम गेल्याचा दोष विंडोजवर येतो. संध्याकाळी कार्यालय बंद करताना भिंतीवरचे स्विच आणि यूपीएस बंद करण्याची सवय तर हेच नुकसान हाताने घडवून आणते. अशा ठिकाणी डेस्कटॉपसाठी हायबरनेट, किंवा सोय असेल तेथे रॅम आणि डिस्क दोन्हींत नोंद ठेवणारी 'हायब्रिड स्लीप', हाच योग्य पर्याय ठरतो.

'घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे काळजी नाही' हा समज अर्धाच खरा आहे. मुख्य विजेवरून बॅटरीवर जाताना इन्व्हर्टरला काही मिलिसेकंद लागतात आणि संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, पूर्ण भारावर असा खंड सुमारे १६ मिलिसेकंदच सहन करू शकतो. म्हणून इन्व्हर्टर 'यूपीएस मोड'वर ठेवणे आवश्यक असते. झोपलेला डेस्कटॉप मात्र दोन-चार वॅटच घेतो, त्यामुळे असा क्षणिक खंड तो जागेपणापेक्षा सहज निभावतो. त्याचा धोका निराळाच आहे. बॅटरीवर असताना भार फारच कमी दिसला तर काही यूपीएस स्वतःहून बंद होतात, कारण त्यांच्या हिशेबी कोणतेही उपकरण चालू नसते. म्हणजे जागा संगणक ज्या यूपीएसमुळे वाचतो, त्याच यूपीएसखाली झोपलेला संगणक काम गमावू शकतो.

काळा पडदा म्हणजे संगणक जागा झाला नाही, हा अनुमानाचा दोष आहे. पंखा फिरत असेल आणि कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक जागा आहे. अडकला आहे तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारी आज्ञावली, किंवा मॉनिटर स्वतः. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या असता हा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बहुधा चालू काम शाबूत राहते. येथे घाईने पॉवरचे बटण दाबून धरणे हाच सर्वांत महागडा उपाय होय: क्षणभर दाबल्यास ते बटण संगणकाला उठवते, पण चार सेकंद किंवा अधिक दाबून धरल्यास सक्तीने बंद करते. जुन्या हार्ड डिस्कवर हायबरनेटमधून परतण्यास मिनिटभरही लागू शकते आणि तेवढा धीर पुष्कळांना नसतो.

'शट डाउन करून पुन्हा चालू केला, तरी फरक नाही' यामागेही एक कारण आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' या सोयीत शट डाउन करताना प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेच परत उचलले जातात, त्यामुळे बिघडलेली स्थितीही परत येऊ शकते. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

नव्या लॅपटॉपांत पुष्कळदा एस-३ नसतेच. त्याऐवजी 'मॉडर्न स्टँडबाय' असते, ज्यात यंत्र कमी विजेवर जागेच राहून अधूनमधून नेटवर्कशी बोलते. साताऱ्याहून पुण्याला निघताना नुसते झाकण लावून बॅगेत टाकलेला लॅपटॉप वाटेत गरम होतो आणि पोहोचेपर्यंत त्याची बॅटरी संपते, ती यामुळे.

राहता राहिला खोडरबराचा आणि फॉरमॅटचा प्रश्न. महाबळेश्वर-पाटणच्या दमट हवेत रॅमच्या संपर्कबिंदूंवर थर चढू शकतो हे खरे. पण तसा दोष असेल तर संगणक एरवी सुरू होतानाही अडखळेल, केवळ उठताना नव्हे. फॉरमॅटने सेटिंग आणि फायली जातात, पण मदरबोर्डचे जुने बायोस बदलत नाही आणि चिपसेटचा चुकीचा ड्रायव्हर पुन्हा तोच बसण्याचा संभव राहतो. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून एसएमपीएस बदलणेही तितकेच उतावळे आहे, कारण संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते.

म्हणून यंत्र दुकानात नेण्यापूर्वी वाचकांनी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: दरम्यान वीज गेली होती का, कॅप्स लॉकचा दिवा लागत होता का, आणि रीस्टार्टनंतर बिघाड पुन्हा दिसला का.