कमी लढणाऱ्याचा खेळ: ‘फायनल फँटसी ८’चे गुणदोष

रोल-प्लेइंग गेम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांमध्ये बोटांच्या चपळाईपेक्षा पात्राच्या सावकाश होणाऱ्या वाढीला अधिक महत्त्व असते. खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका पत्करतो, त्याच्यासोबत तीस-चाळीस तासांची कथा पार करतो आणि त्या काळात त्या पात्राचे बळ, शस्त्रे व विद्या कशा वाढवायच्या हे स्वतः ठरवतो. दवनीवाडा, तिरोडा, आमगाव या गोंदिया जिल्ह्यातील मुलखाला सोंग घेऊन रात्र जागवण्याचे नवल नाही, कारण दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या की या झाडीपट्टीत दंडार या लोकनाट्याचे आणि नाटकांचे प्रयोग रात्रभर रंगतात. मात्र नाटकातील नटाच्या वाट्याला संहितेने दिले तेवढेच बळ येते, तर या खेळांत कथेचा शेवट आधीच ठरलेला असला तरी तिथपर्यंत पोचणारे पात्र दुबळे असेल की बलाढ्य, हे खेळणाऱ्याच्या हाती राहते.

ही वाढ बहुतेक खेळांत एका सरळ व्यवहारावर चालते. वाटेत राक्षस भेटतात, त्यांना हरवले की अनुभवगुण मिळतात, ठरावीक गुण साचले की पात्राची पातळी एकाने चढते, आणि पातळी चढली की काल जड गेलेला शत्रू आज सहज पडतो. ज्याला कुठे अडकल्यासारखे वाटेल त्याने मागे जावे, तासभर लहानसहान राक्षस मारावेत आणि बळ घेऊन परत यावे, हा या प्रकारातील रूढ उपाय. त्यात कंटाळा आहे, पण घातलेला वेळ वाया जात नाही याची खात्रीही आहे. जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९९९ साली काढलेल्या ‘फायनल फँटसी ८’ने नेमकी ही खात्री काढून घेतली, आणि या मालिकेच्या चाहत्यांमध्ये त्या खेळाविषयी जे दोन तट पडले ते आजतागायत मिटलेले नाहीत.

हिरोनोबु साकागुची यांनी १९८७ साली सुरू केलेल्या या मालिकेतील प्रत्येक क्रमांकित भागाची कथा, पात्रे आणि जग स्वतंत्र असते, त्यामुळे आठवा भाग खेळण्यासाठी आधीचे सात माहीत असण्याची गरज नसते. तरीही अपेक्षांचे ओझे होतेच, कारण १९९७च्या सातव्या भागाने जपानबाहेर या मालिकेला प्रथमच प्रचंड लोकप्रियता मिळवून दिली होती. दिग्दर्शक योशिनोरी कितासे, पटकथाकार काझुशिगे नोजिमा, पात्रांचे रेखाटन करणारे तेत्सुया नोमुरा आणि संगीतकार नोबुओ उएमात्सु ही मंडळी सातव्या भागावरच काम केलेली होती, तर लढाईची रचना हिरोयुकी इतो यांच्याकडे होती, ज्यांनी चौथ्या भागात घड्याळाच्या गतीने पुढे सरकणारी लढाईची पद्धत बसवली होती. ११ फेब्रुवारी १९९९ रोजी चार डिस्कांमध्ये जपानच्या बाजारात आलेल्या या खेळाच्या पहिल्या चार दिवसांत सुमारे २५ लाख प्रती खपल्या, आणि २००३पर्यंत जगभरातील आकडा ८० लाखांच्या पुढे गेला. तेव्हा ज्याला नावे ठेवली गेली तो हा खेळ अपयशी होता असे म्हणण्याची सोय नाही. तो विकत घेतलेल्यांपैकी अनेकांना तो आवडला नाही, एवढेच खरे.

वादाचे मूळ ‘जंक्शन’ या पद्धतीत आहे, आणि ती समजल्याशिवाय गुणदोषांची चर्चा वरवरची राहते. या खेळात जादू ही विद्या नसून साठवण्याचा माल आहे. लढाईत शत्रूवर ‘ड्रॉ’ हा हुकूम सोडला की त्याच्याकडील अग्नी, बर्फ, उपचार अशा जादूंच्या काही मात्रा पात्राच्या खात्यात जमा होतात, आणि एका जादूच्या जास्तीत जास्त १०० मात्रा एका पात्राला बाळगता येतात. हा साठा मग पात्राच्या शक्ती, वेग, संरक्षण किंवा एचपी, म्हणजे प्राणबळ, यांपैकी एकेका गुणाला जोडायचा असतो. जादू जितकी उंची आणि मात्रा जितक्या जास्त, तितका तो गुण वाढतो. जोडण्याचा अधिकार ‘गार्डियन फोर्स’ नावाच्या दैवी शक्ती देतात, ज्या पात्रांच्या ताब्यात असतात आणि लढाईत मदतीला बोलावल्याही जातात. जोडलेली जादू लढाईत वापरली तर साठा घटतो आणि त्याबरोबर पात्राचे बळही घटते, त्यामुळे सोन्यासारखी जादू हाताशी असून ती खर्च करायला कोणी धजत नाही. ही कृपणता खेळाच्या रचनेतच मुरलेली आहे, आणि ती दोषच मानावी लागते.

दुसरा बदल याहून धीट होता. प्रत्येक पातळीसाठी सारखेच १,००० अनुभवगुण लागतात, आणि खेळणाऱ्याची पातळी चढते तशी बहुतेक शत्रूंचीही चढते. जुन्या सवयीने तासन्‌तास राक्षस मारत बसणाऱ्याला यात काहीच हाती लागत नाही. त्याच्या पात्रांचे बळ पातळीमागे थोडेसेच वाढते, समोरचे शत्रू मात्र चांगलेच दणकट होत जातात. उलट ज्याने लढाया टाळल्या, पातळी खाली ठेवली आणि साठे मात्र भरून घेतले, त्याच्यासमोर दुबळे शत्रू येतात. मेहनतीने वाढ होते या गृहीतकाला इतक्या उघडपणे उलटे करणारा खेळ त्या काळात क्वचितच दुसरा होता.

साठे भरण्याचा मार्गही शत्रूंपुरता मर्यादित नाही, आणि इथेच या पद्धतीतील खरी गंमत आहे. सायरन नावाच्या गार्डियन फोर्सकडे वस्तूंपासून जीवनजादू गाळण्याची कला शिकता येते, आणि दुकानात विकत मिळणाऱ्या एका साध्या तंबूपासून क्युरागा या वरच्या दर्जाच्या उपचारजादूच्या दहा मात्रा निघतात. म्हणजे दहा तंबू घेतले की १०० मात्रांचे खाते भरते, आणि ते एचपीला जोडले की ज्या पात्राचे प्राणबळ काही शेकड्यांत होते ते एका झटक्यात दोन हजारांच्या पुढे जाते. यासाठी एकही राक्षस मारावा लागत नाही. गोम अशी की स्वतः सायरन खेळाच्या सुरुवातीच्या तासांत, डॉलेट शहराच्या मनोऱ्यावर भेटणाऱ्या एल्वोरेट या राक्षसाकडून ‘ड्रॉ’ करूनच मिळते, आणि त्या लढाईत केवळ तलवार चालवणाऱ्याला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नाही.

पत्त्यांचा खेळ ‘ट्रिपल ट्रायड’ याच साखळीचा भाग आहे. तीन गुणिले तीन चौकटींच्या पटावर दोघांनी पाच-पाच पत्ते मांडायचे, पत्त्याच्या चार बाजूंवरील आकड्यांची तुलना करून शेजारचा पत्ता पलटवायचा, इतके सोपे नियम असलेला हा खेळ शाळेतील पोरांपासून गावातील म्हाताऱ्यांपर्यंत कोणाशीही खेळता येतो. जिंकलेल्या ११० प्रकारच्या पत्त्यांचे रूपांतर वस्तूंत, वस्तूंचे जादूत आणि जादूचे बळात होते, त्यामुळे पारावर बसून पत्ते कुटणारा नायक रणांगणावर घाम गाळणाऱ्या नायकापेक्षा बलवान ठरू शकतो. या भागाला नावे ठेवणारेही ‘ट्रिपल ट्रायड’ला सहसा सोडून देतात.

मग इतक्या कल्पक रचनेवर राग का? कारण खेळ ती शिकवत नाही. माहितीची पाने भरपूर आहेत आणि कोणता हुकूम कुठे आहे हे ती तपशिलाने सांगतात. परंतु पातळी चढवणे तोट्याचे आहे, पत्ते आणि वस्तू हा बळाचा मुख्य झरा आहे, हे शहाणपण खेळणाऱ्याने आपले आपण काढावे अशी अपेक्षा राहते. सातवा भाग खेळून आलेला बहुसंख्य ग्राहक ते काढू शकला नाही. त्याने शत्रूसमोर उभे राहून एकच हुकूम पुन्हा पुन्हा देत १०० मात्रा भरल्या, प्रत्येक पात्रासाठी तेच पुन्हा केले, आणि कंटाळून ठरवले की हा खेळच रटाळ आहे. त्यात गार्डियन फोर्सना बोलावल्यावर दिसणारी दृश्ये लांबलचक, ईडन या शक्तीचे तर मिनिटापेक्षाही जास्त, आणि मूळ आवृत्तीत ती टाळण्याची सोय नव्हती. अशा खेळणाऱ्याची तक्रार खोटी म्हणता येत नाही. ज्या आडवाटेने खेळ रंगतो ती दाखवण्याची जबाबदारी रचनाकाराचीच असते.

उलट टोकाचा दोषही आहे. ज्याला हे गणित उमगले त्याच्यासाठी खेळ फारच सोपा होतो, कारण प्राणबळ कमी असताना पात्रांना ‘लिमिट ब्रेक’ नावाचा जबर प्रहार करता येतो आणि जाणकार मुद्दाम मरणाच्या दारात उभे राहून तोच प्रहार करत राहतात. अजाण्याला कष्ट आणि जाणत्याला आव्हानच नाही, अशा दोन टोकांमध्ये मधली वाट अरुंद राहिली.

कथेविषयीचे मतभेद वेगळ्या जातीचे आहेत. बालंब गार्डन या लष्करी विद्यालयातील स्क्वॉल लिओनहार्ट हा सतरा वर्षांचा अबोल, तुसडा विद्यार्थी ‘सीड’ नावाच्या भाडोत्री सैनिकांच्या दलात दाखल होतो, आणि रिनोआ हार्टिली या मुलीच्या सहवासात हळूहळू माणसांत येतो. त्याच्या मनातील विचार कंसात दिसत राहतात, बोलणे मात्र एका शब्दाचे, आणि या विसंगतीतून एकटेपणाला घाबरणाऱ्या पोराचे जे चित्र उभे राहते ते त्या काळच्या खेळांत दुर्मीळ होते. सैनिकाला राक्षसांकडून पैसे मिळत नाहीत, त्याला श्रेणीनुसार पगार मिळतो आणि श्रेणी वाढवायला लेखी परीक्षा द्याव्या लागतात, हा तपशीलही कथेशी छान जुळतो.

पुढे मात्र कथा घसरते. रिनोआ वगळता मुख्य पात्रे एकाच अनाथाश्रमात वाढली होती आणि सगळी ते विसरली होती, हा उलगडा मध्यावर होतो, तेव्हा अनेकांना तो योगायोगाचा कळस वाटला. त्याचे कारण कथेत दिलेले आहे: गार्डियन फोर्स मनात जागा व्यापतात आणि त्याबदल्यात आठवणी पुसल्या जातात, या पात्रांपैकी अर्व्हाइनने त्या शक्तींचा वापर फारसा केलेला नसल्याने त्यालाच सारे आठवते. खेळणारा ज्या शक्तींच्या जोरावर गणिते जमवत होता त्यांची किंमत पात्रांनी स्मृती गमावून मोजली, ही कल्पना खरे तर या भागातील सर्वांत सशक्त कल्पना आहे, आणि ती दोन-चार संवादांत उरकून टाकणे हा नोजिमांचा अक्षम्य आळस मानावा लागेल. अल्टिमेशिया ही खरी खलनायिका तर इतकी उशिरा समोर येते की तिच्याविषयी राग धरायलाही वेळ मिळत नाही. पहिल्या डिस्कच्या शेवटी स्क्वॉलच्या खांद्यात बर्फाचा भाला घुसतो, तिथेच तो मेला आणि उरलेली कथा त्याचे स्वप्न आहे, असा तर्क चाहत्यांनी लढवला; कितासे यांनी एका मुलाखतीत तो फेटाळला, पण असा तर्क लोकांना पटावा यातच उत्तरार्ध किती विस्कळीत आहे ते कळते.

भारतीय वाचकाला एका गोष्टीची गंमत वाटेल: स्क्वॉलला सुरुवातीलाच मिळणाऱ्या दोन गार्डियन फोर्सपैकी एकीचे नाव शिवा आहे आणि ती निळ्या कांतीची, बर्फ फेकणारी स्त्री आहे. जपानी रचनाकारांनी जगभरच्या पुराणांतून नावे उचलली आणि रूपे आपल्या मनाची दिली. याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा साहसी खेळ काढला, त्यात दुर्गा आणि विष्णू आपापल्या ओळखीने येतात.

संगीताबद्दल मात्र फारसा वाद नाही. फे वाँग यांनी गायलेले ‘आइज ऑन मी’ हे गीत जपानच्या गोल्ड डिस्क पुरस्कारांपर्यंत पोचले, आणि सर्वसामान्य मानवी बांध्याची पात्रे मालिकेत प्रथमच सर्वत्र वापरणाऱ्या या भागातील चलच्चित्रे आजही थक्क करतात. १९९९नंतर पुढल्याच वर्षी आलेल्या नवव्या भागात कंपनी बुटक्या पात्रांकडे, राजवाड्यांकडे आणि सरळ वाढीकडे परतली.

३ सप्टेंबर २०१९ रोजी या भागाची सुधारित आवृत्ती निघाली, आणि २०२१ साली ती मोबाइलवर आल्याने पूर्वी प्लेस्टेशन हे खेळयंत्र न पाहिलेल्या गावांतही तो खेळणे शक्य झाले. तिच्यात खेळ तिप्पट वेगाने चालवण्याची आणि वाटेतल्या लढाया बंद ठेवण्याची बटणे आहेत. पैकी दुसरी सोय १९९९च्या आवृत्तीतही होती: गार्डनचे प्रमुख सिड दलातील सैनिक म्हणून पहिल्या मोहिमेवर पाठवताना स्क्वॉलच्या हाती एक जादूचा दिवा ठेवतात, त्यात कोंडलेल्या डायब्लोस या गार्डियन फोर्सला हरवले की तो ताब्यात येतो, आणि त्याला शिकवता येणाऱ्या विद्यांमध्ये वाटेवरच्या लढाया पूर्णपणे थांबवणारी एक विद्या आहे.