अधिवेशन विज्ञानाचे, की प्रमाणपत्रांचे?

पावसाळा सरून हवेत गारवा आला, की विज्ञान अकादमींच्या, परिषदांच्या आणि मंडळांच्या वार्षिक अधिवेशनांची परिपत्रके महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर दिसू लागतात. शोधनिबंधाचा सारांश अमुक तारखेपर्यंत पाठवावा, नोंदणीशुल्क इतके, विद्यार्थ्यांस सवलत, निवासाची सोय मर्यादित, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. प्रस्तुत लेखक एक सामान्य विज्ञानशिक्षक या नात्याने अशा अधिवेशनांना तीसएक वर्षे जात आला आहे. आरंभी निबंध वाचण्यासाठी, पुढे विद्यार्थ्यांना घेऊन, आणि निवृत्तीनंतर निव्वळ सवयीने. अलीकडे या परिपत्रकांतून एक शब्द जवळजवळ हद्दपार झाला आहे, तो म्हणजे ‘प्रादेशिक’. ज्या मेळाव्यास तीन जिल्ह्यांपलीकडचे कोणी येत नाही, त्याच्याही कमानीवर ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ अशी ठळक अक्षरे असतात, आणि त्या विशेषणाची लाज राखण्यासाठी परदेशस्थ एखादे पाहुणे पडद्यावरून पंधरा मिनिटे दर्शन देऊन जातात.

हा मिरविण्याचा हव्यास आहे असे म्हणून विषय सोडून देता आला असता. परंतु त्यामागचे कारण अधिक व्यावहारिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या बढतीसाठी जी गुणपद्धती आणली, तीत आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचल्यास १० गुण, राष्ट्रीय परिषदेत ७.५, प्रादेशिक अथवा राज्य पातळीवर ५ आणि स्थानिक पातळीवर ३ असा तक्ता होता. २०१८ च्या नियमावलीत आकडे बदलले, उतरंड कायम राहिली. परदेशातील परिषदेस ७, देशातल्या देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस ५, राष्ट्रीय परिषदेस ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीस २. निबंध तोच, श्रम तेच, श्रोतेही बहुधा तेच. केवळ कमानीवरचा शब्द बदलला की किंमत अडीचपट होते. अशा स्थितीत कोणता संयोजक आपल्या अधिवेशनास प्रादेशिक म्हणवून घेईल? आणि बढती अडलेला अध्यापक प्रमाणपत्राच्या रांगेत उभा राहिला, तर त्याला तरी दोष कसा द्यावा?

तथापि या दरपत्रकाने नेमके काय हिरावले जाते, ते एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या अशाच अधिवेशनास मी गेलो होतो. उद्घाटन दहाला व्हावयाचे ते साडेअकराला झाले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हे, मग प्रत्येक मान्यवराचे ‘दोन शब्द’. त्यात दुपार गेली. विद्यार्थ्यांचे सत्र चहानंतर ढकलण्यात आले आणि प्रत्येकास दिलेली दहा मिनिटे चारावर आली. त्याच वेळी बाहेर प्रमाणपत्रांचे टेबल लागल्याने निम्मे सभागृह तिकडे गेले. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मंचावर आली. आपल्या गावातील नऊ विंधन विहिरींच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण तिने आठ महिने मोजले होते. एक यंत्र, एक वही आणि सायकल, एवढेच तिचे भांडवल. इंग्रजीत पाठ केलेली चार वाक्ये झाली आणि पाचव्याला ती अडखळली. ‘मराठीत सांगू का?’ असे तिने विचारले, त्यावर अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि इंग्रजीतच उरकण्यास सांगितले.

ती खाली उतरली. मागच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, उठून तिच्याजवळ गेले. ‘पाणी मोटर सुरू केल्याबरोबर घेतलेस, की काही वेळ वाहू दिल्यावर?’ त्यांनी विचारले. ती म्हणाली, ‘सर, कधी तसं, कधी तसं. जशी वीज असेल तसं.’ मग त्यांनी तिला समजावून सांगितले, की नळीत रात्रभर साचून राहिलेले पाणी आणि खडकातून नुकतेच आलेले पाणी यांत फरक असतो. दोन्ही एकाच रकान्यात लिहिली, तर आठ महिन्यांच्या आकड्यांतून काहीच निष्पन्न होणार नाही. त्या तालुक्यात मुरूम किती खोल आहे, काळा कठीण पाषाण कुठे लागतो, सच्छिद्र खडकाचा थर कुठल्या शिवारात वर येतो, हे त्यांना पाठ होते. तरुणपणी ते सारा परिसर पायी हिंडले होते. दहा-बारा मिनिटे ती मराठीत बोलत राहिली, आणि मंचावर अडखळलेली ती हीच मुलगी का, असा प्रश्न मला पडला. त्या दिवसभरात अधिवेशनात विज्ञान म्हणण्यासारखे जे काही घडले, ते त्या व्हरांड्यात घडले.

हा प्रश्न दूरदेशीच्या पाहुण्यास सुचला असता का? पद्धतीतील चूक त्याला कदाचित कळली असती. पण कोणत्या विहिरीच्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि कोणत्या विहिरीकडे पुन्हा जावे, हे तो सांगू शकला नसता. विज्ञानाचे नियम सार्वत्रिक आहेत, हे खरेच. पण पाणी, माती, पिके, रोग यांचे अभ्यास कुठल्या तरी गावातच करावे लागतात, आणि ते तपासणारी माणसे त्याच मुलखातली असावी लागतात.

आपल्या देशातील विज्ञानसंस्थांचा इतिहासही हेच सांगतो. कलकत्त्यास १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी जी विज्ञानसभा स्थापन केली, ती त्या शहराच्या देणग्यांवर उभी राहिली. १९०७ साली हिशेबखात्यात रुजू झालेले तरुण अधिकारी चंद्रशेखर व्यंकट रामन कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर तिथे प्रयोग करीत. १९२८ साली रामन परिणाम हाती लागला तो त्याच संस्थेत. अलाहाबादेत प्राध्यापक मेघनाद साहा यांनी १९३० साली पुढाकार घेऊन अकादमी स्थापन केली, तेव्हा तिच्या नावात आग्रा व अवध या संयुक्त प्रांतांचा सरळ उल्लेख होता. ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे उलगडणारे समीकरण १९२० मध्येच मांडून जगाला परिचित झालेल्या या शास्त्रज्ञास प्रांताचे नाव लावण्यात कमीपणा वाटला नाही. ती संस्था १९३६ मध्ये ‘राष्ट्रीय’ झाली. पण आधी तिने प्रांताचे काम केले.

भाषेविषयीही थोडे लिहिले पाहिजे. संशोधनपत्रिका इंग्रजीत निघतात आणि निघत राहतील, त्याविषयी वाद नाही. परंतु निबंध छापणे वेगळे आणि विद्यार्थ्याचे काम तपासणे वेगळे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून गावोगावी अधिवेशने मराठीत भरवीत आली आहे, आणि त्यामुळे विज्ञानाचा दर्जा घसरल्याचे ऐकिवात नाही. याच परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हातून लिहून घेतली होती. पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळाले. केंब्रिजमध्ये नाव कमावून आलेल्या माणसाला नाव झाकून परीक्षेस बसावेसे वाटले. आमच्या अधिवेशनांत मात्र पहिले दीड-दोन तास नावे आणि पदे वाचण्यात जातात.

आयोगाचा तक्ता बदलेल तेव्हा बदलेल. पातळीऐवजी निबंधावर झालेली चर्चा आणि तपासणी पाहून गुण द्यावेत, अशी सूचना करण्यास हरकत नाही, ती मान्य होईल अशी मात्र फारशी आशा वाटत नाही. संयोजकांच्या हाती असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांचे सत्र सकाळी पहिले ठेवावे, उद्घाटन नंतर झाले तरी बिघडत नाही. प्रत्येक निबंधासाठी त्या विषयाचा एक जाणकार आधी नेमून त्याच्याकडे सारांश पाठवावा, म्हणजे निदान एक प्रश्न नक्की विचारला जाईल. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, हे विद्यार्थ्यावर सोपवावे. आणि प्रमाणपत्रांचे टेबल सर्व सत्रे संपल्यावरच लावावे.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा आली होती. तिच्या तक्त्यात या खेपेस दोन रकाने होते, आणि नऊऐवजी सहाच विहिरी. तीन तिने स्वतःच गाळल्या होत्या. का गाळल्या, हे विचारावयास त्या वेळी सत्रात मोजकीच माणसे होती.

यंदाच्या अधिवेशनाचे परिपत्रक माझ्यासमोर आहे. विद्यार्थी-सत्राची वेळ दुपारी चार ते साडेपाच अशी छापली आहे. त्या शहरातून तिच्या तालुक्याकडे जाणारी शेवटची एस.टी. सव्वापाचला सुटते.