हातात निखारा, गळ्यात बारूद

गेममध्ये 'रीलोड'चं बटण दाबलं की दोन सेकंदांत काम फत्ते. आता जरा चारशे वर्षं मागे, युरोपातल्या एखाद्या रणांगणावर चला. तुमच्या हातात तोड्याची बंदूक आहे, बोटांत जळती दोरी, आणि गळ्यातल्या पट्ट्याला लाकडी नळकांडी लटकताहेत. प्रत्येकात एका बाराची दारू. म्हणजे अंगभर बारूद बांधून तुम्ही हातात निखारा धरलाय!

ती दोरी म्हणजे तोडा. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, त्यामुळे ती भडकत नाही, नुसती धुमसते. बंदूक भरण्याआधी ती चापाच्या चिमट्यातून काढून लांब धरायची. नळीशेजारच्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायची, झाकण लावायचं आणि बाहेर सांडलेले कण फुंकून टाकायचे. (हे विसरलात तर पुढचं वाचायची गरज नाही.) मग बंदूक उभी करून नळकांडं नळीत रिकामं करायचं, वर शिशाची गोळी, आणि गजाने ठासायचं. गज आठवणीने बाहेर काढा. घाईत तो आतच राहिला तर गोळीबरोबर तोही शत्रूकडे रवाना, आणि पुढचा बार ठासणार कशाने?

आता तोडा पुन्हा चिमट्यात. फुंकर मारून निखारा लाल करा, वाटीचं झाकण उघडा, नेम धरा, चाप ओढा. निखारा वाटीत टेकतो, रंजक पेटते आणि ज्वाळा एका बारीक छिद्रातून नळीत शिरते. त्या छिद्राला म्हणायचे कान. कान तुंबला असेल तर बाहेर मोठा भपका आणि आत सामसूम. फुसका बार! पाऊस आला तर तेवढंही नाही.

१६०७ साली याकोब दे गेन या डच चित्रकाराने या कवायतीचं सचित्र पुस्तक काढलं. एकट्या बंदुकीसाठी त्यात ४० हून जास्त चित्रं आहेत. एवढं सगळं करायला सरावलेल्या हातालाही अर्धा मिनिट सहज लागायचं. आणि भरधाव घोडा १०० मीटर अंतर दहाएक सेकंदांत कापतो. हिशोब तुम्हीच करा.

यावरचा तोडगा १५९४ मध्ये विल्यम लुई या डच सेनानीने आपला चुलतभाऊ मॉरिसला पत्रातून, आकृती काढून कळवला. पहिल्या रांगेने बार काढायचा, मागे जाऊन बंदूक भरायची, तोवर दुसरी रांग पुढे. कल्पना सुचली प्राचीन रोमनांची कवायत वाचताना. बंदुकीचा प्रश्न भाला फेकणाऱ्यांनी सोडवला, हे मला भारी वाटतं.

तोड्याची एक पंचाईत मात्र कवायतीने सुटली नाही. अंधारात प्रत्येक शिपायाच्या हातातला लाल ठिपका लांबून दिसायचा. १६४३ मध्ये इंग्लंडमधल्या लॅन्सडाउनच्या लढाईत वॉलरच्या सैन्याने याचाच फायदा घेतला. रात्री त्यांनी जळते तोडे भिंतीवर तसेच ठेवले आणि चुपचाप पोबारा केला. समोरचे ठिपके बघत बसले!