ओटीपी आप्पांच्या नंबरवर, फोन पोराच्या हातात

आजचा विषय आहे लहान मुलांचा डेटा आणि त्यासाठी लागणारी आईवडिलांची परवानगी. ऐकायला कोर्टकचेरीचं वाटतं, पण सगळं घोडं एका ओटीपीपाशी अडतं.

आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचं कलम ९ मुलांसाठी आहे. या कायद्यात १८ वर्षांखालचं कुणीही मूलच. म्हणजे बारावीतला, मिसरूड फुटलेला गडी पण मूल! अमेरिकेत अशी परवानगी १३ वर्षांखालच्यांसाठी लागते. आपण रेघ बरीच वर ओढलीय. मुलाचा डेटा घ्यायचा तर ॲपनं आधी पालकांची संमती घ्यायची आणि ती खरी आहे का ते तपासायचं. मुलांवर पाळत नको, त्यांना हेरून दाखवलेल्या जाहिराती नकोत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. संमती देणारा खरंच सज्ञान आहे का, हे ॲपनं स्वतःकडच्या खात्रीच्या माहितीवरून किंवा डिजिलॉकरसारख्या ठिकाणच्या टोकनवरून बघायचं. हे लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलीय.

कागदावर झकास. आता आमच्या जांब समर्थला या. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत चांगला फोन एकच. सिम आप्पांच्या नावावर, जीमेल मोबाईलवाल्यानं काढून दिलेलं, जन्मतारीखही त्यानंच टाकलेली. आप्पा रानातून आले की फोन पोरांकडे. ॲपच्या लेखी रात्री नऊला कार्टून बघणारा माणूस चाळीस वर्षांचा शेतकरी आहे! नियमांतली उदाहरणं सुरूच होतात ती मूल स्वतःहून 'मी मूल आहे' सांगतं किंवा पालक स्वतःहून 'मी पालक आहे' सांगतात तिथून. इथं सांगणार कोण? आणि समजा परवानगी मागितलीच, तर ओटीपी त्याच फोनवर. आप्पाच म्हणतात, "बघ रे, काय आलंय ते."

मी सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून सांगतो, सर्व्हरला माणूस दिसत नाही, खातं दिसतं. खात्यावर वय ४०, तर जाहिराती आणि शिफारशी ४० च्या हिशोबानं. मुलांसाठी केलेली बंदी या पोरापर्यंत पोचतच नाही. मग सगळ्यांकडून वयाचा पुरावा मागायचा का? म्हणजे एका पोराचा डेटा वाचवायला अख्ख्या घराची कागदपत्रं कंपन्यांना द्यायची. मला हा सौदा पटत नाही.

त्यापेक्षा घरात फोनमधलं कळणारे तुम्हीच असाल, तर धाकट्याचं खातं वेगळं काढा आणि जन्मतारीख खरी टाका. १३ च्या आतला असेल तर गुगलचं फॅमिली लिंक आहे, फुकट आहे. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय ॲपला द्यावा लागणार आहे. त्यात मराठी आली. दिलेली संमती, देताना जितकी सोपी तितक्याच सहज मागेही घेता आली पाहिजे. ही तरतूद लागू झाली की भाषा मराठी करा आणि ती सूचना आप्पांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. 'ठीक आहे' चं बटण मात्र त्यांनाच दाबू द्या.