जागतिकीकरण आणि भारतीय औषध उद्योगातील नवोन्मेष

जागतिक व्यापाराचे नियम बदलले की उदयोन्मुख अर्थव्यवस्थांतील देशी कंपन्यांच्या संशोधनाची दिशाही बदलते. भारतीय औषध उद्योग हे याचे ठळक उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

१९७२ मध्ये अमलात आलेल्या पेटंट अधिनियम, १९७० नुसार औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे. ते केवळ निर्मितीप्रक्रियेला मिळे. त्यामुळे परदेशी औषध वेगळ्या रासायनिक मार्गाने बनवणे भारतात कायदेशीर ठरले. यास नक्कल म्हणून हिणवले गेले, तरी अधिक स्वस्त संश्लेषणमार्ग शोधणे हेही संशोधनच होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरील तिहेरी उपचार 'मेदसां सां फ्राँतिएर' या संस्थेस प्रतिरुग्ण वार्षिक ३५० डॉलरना देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा खर्च तेव्हा १०,००० डॉलरच्या आसपास होता. त्याच वर्षी सिप्लाने ही तिन्ही औषधे एका गोळीत आणली. इतरत्र त्यांची पेटंटे निरनिराळ्या कंपन्यांकडे असल्याने अशी गोळी बनवणे अवघड होते.

ट्रिप्स करारानंतर

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानुसार भारताने १ जानेवारी २००५ पासून औषधांनाही उत्पादन पेटंट लागू केले. ही चाहूल लागताच काही कंपन्या नव्या रेणूंच्या शोधाकडे वळल्या होत्या. मात्र अखेरच्या टप्प्यातील मानवी चाचण्यांचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर असल्याने रेणूचे हक्क मध्येच बहुराष्ट्रीय कंपनीला देण्याची पद्धत रुळली. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने १९९७ मध्ये मधुमेहावरील बालाग्लिटाझोन नोव्हो नॉर्डिस्कला परवान्याने दिले. ते बाजारात आलेच नाही. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या सारोग्लिटाझारला २०१३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली, पण अशी उदाहरणे मोजकीच आहेत.

संशोधनाचा मोठा ओघ जेनेरिक औषधांकडेच राहिला. अमेरिकेच्या १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्यानुसार पेटंटला प्रथम आव्हान देणाऱ्या जेनेरिक कंपनीस १८० दिवसांची विशेष सवलत मिळू शकते. त्यामुळे पेटंटभंग न करणाऱ्या प्रक्रिया शोधणे किफायतशीर ठरले.

कच्च्या मालाचे परावलंबन

खुल्या व्यापाराने काही क्षमता हिरावूनही घेतल्या. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५० च्या दशकातच पेनिसिलिन बनू लागले होते. पुढे चीनमधून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलिन-जीपुढे देशातील किण्वन प्रकल्प बंद पडले आणि त्यांतील कौशल्यही विखुरले. २०२० मध्ये केंद्र सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन-जीचा समावेश केला.