मोटार सारखी का पडते?



उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे हटू लागले, की केत्तूर, चिखलठाण, कंदर या काठच्या गावांतून एकच तक्रार येते: मोटार चालते, पडते, पुन्हा चालू होते, पुन्हा पडते. पुष्कळजण मग रिले वाढवून ठेवतात. हा उपाय नव्हे. रिले मोटारीचा राखणदार आहे. त्याचे तोंड बांधले तर मोटार जळते आणि ऐन मे महिन्यात उसाची पाळी चुकते. आधी मोटार कशी पडते ते पाहावे.

१) रिले हाताने रिसेट करावा लागतो: म्हणजे मोटार जादा ॲम्पिअर घेते. चालू करताच घुमून पडली, तर एक फेज गेलेला असतो किंवा पंपात गाळ-कचरा अडकलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांनी पडली, तर वायर तपासावी. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यात जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आहे. धरण मायनसमध्ये गेले, की मोटारी पाण्यामागे न्याव्या लागतात, वायर लांबते, जोड वाढतात. लांब, बारीक वायरीत दाब कमी होतो; दाब कमी, की मोटार जादा ॲम्पिअर ओढून तापते. स्टार्टरपाशी ४१५ व्होल्टच्या आसपास दाब असून मोटारीपाशी बराच कमी भरला, तर दोष वायरीत समजावा. जाड वायर घ्यावी, जोड कमी करावेत. रिले मोटारीच्या पट्टीवरील ॲम्पिअरप्रमाणे लावावा. स्टार-डेल्टाचे माप निराळे असते, ते वायरमनकडूनच लावून घ्यावे.

२) ऑटोवर आपोआप चालू होते: येथे रिलेचा दोष बहुधा नसतो. लाइनचा दाब क्षणभर पडला, की स्टार्टरची कॉइल सुटते. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. लाइट येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी ऑटोने एकदम उठल्या, की दाब कोसळतो, सगळ्या पडतात आणि पुन्हा एकदम उठतात. हे एकट्याने सुटणारे नाही. डीपीवरील सर्वांनी बसून ऑटोच्या वेळा मागेपुढे लावाव्यात, पाळ्या ठरवाव्यात आणि योग्य मापाचे कपॅसिटर बसवावेत.

शेवटी महत्त्वाचे: मेन स्विच बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवल्याखेरीज कोणीही पाण्यात उतरू नये, वायरीला हात लावू नये. उघडा जोड पाण्यात सोडू नये. मोटार पुन्हा भरता येते. माणूस परत आणता येत नाही.

— ऊस विकास अधिकारी